पेटीच्या पट्ट्या आणि मुलांचे कान : सूर शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहास

१.
कामशेतहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल पुढच्याच मळवली स्थानकावर थांबते. तिथून भाजे लेणी पायी गाठता येतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास कोरलेल्या या लेण्यांतील एका विहाराच्या भिंतीवर एक स्त्री दोन तालवाद्यांवर हात ठेवून बसलेली दिसते आणि तिच्याजवळ दुसरी स्त्री नाचते आहे. त्या वाद्यांत काहींना तबल्याचा पूर्वज दिसतो, इतरांना ते मान्य नाही. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. शिल्पकाराने वादन दाखवले. ते वादन त्या स्त्रीला लहानपणी कोणी आणि कसे शिकवले, हे दगडात कुठेही नाही.

२.
संगीताच्या इतिहासाची हीच अडचण आहे. मैफली लक्षात राहतात, शिकवणी विसरली जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिला ‘सा’ कसा दिला, बोट कुठे ठेवायला सांगितले, कंटाळलेल्या मुलाला कशाने बसवून ठेवले, याच्या नोंदी क्वचितच सापडतात. तरीही गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रात आणि गोव्यात या प्रश्नावर बरेच प्रयोग झाले आणि कडाक्याचे वादही झाले. त्या वादांच्या केंद्रस्थानी एक परदेशी वस्तू होती : काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळ. हा धागा तिच्याविषयी आहे.

३.
आधीची रीत पाहू. पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांच्या काळातील शिष्य गुरूच्या घरी राहत असे, पाणी भरत असे, तंबोऱ्यावर सूर धरत असे आणि गुरू गातील ते ऐकून म्हणत असे. पुस्तक नव्हते, वही नव्हती आणि ‘असेच का?’ हा प्रश्न विचारण्याची मुभाही फारशी नव्हती. या पद्धतीने कान विलक्षण तयार होत. पण ती मोजक्यांसाठीच होती. ज्याला घर सोडता येत नाही, ज्याला गुरू मिळत नाही, त्या मुलासाठी या व्यवस्थेत जागा नव्हती. मुलींसाठी तर नव्हतीच.

४.
याच काळात गोव्यात एक वेगळी व्यवस्था कित्येक पिढ्या रुळलेली होती. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयाने ‘इश्कोल’ म्हणजे परगण्यातील शाळा चालत. तिथला मेस्त्री गावातल्या मुलांना स्वरलिपी वाचायला, त्या स्वरांच्या नावांनी गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. मूल आधी कागदावरचा सूर गळ्यातून काढी आणि मग वाद्य हाती घेई. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक आणि वाद्यवृंदरचनाकार म्हणून जे गोमंतकीय कलावंत गाजले, त्यांच्या तयारीचा पाया बहुधा अशा शिक्षणातच होता.

५.
या पद्धतीचे मूळ युरोपात फार मागे जाते. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सो येथील गुइदो या भिक्षूने गायक मुलांना नवी गीते लवकर यावीत म्हणून स्वरांना अक्षरे दिली. आजच्या ‘दो-रे-मी’चा उगम तिथला. त्याच्या नावाने एक ‘हात’ही प्रसिद्ध आहे. डाव्या हाताच्या बोटांच्या प्रत्येक पेरावर एकेक स्वर मानायचा. शिक्षक पेरावर बोट ठेवील तो स्वर मुलांनी गायचा. कागद महाग होता, हात मात्र प्रत्येक मुलापाशी होता. संगीतशिक्षणाच्या इतिहासातील हे कदाचित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ साधन असावे.

६.
पट्ट्यांच्या वाद्यांबाबत एक उदाहरण विसरू नये असे आहे. जानेवारी १७२० मध्ये योहान सेबास्टियन बाख याने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही सुरू केली. आरंभी स्वरचिन्हांची ओळख, मग अलंकरणांचा तक्ता, मग कोणत्या पट्टीवर कोणते बोट हे दाखवणारी छोटी रचना. पुढे याच वहीत ज्या रचना आल्या, त्या आज ‘इन्व्हेन्शन्स’ म्हणून जगभर वाजवल्या जातात. घरच्या मुलासाठी लिहिलेला सराव बाखने इतक्या गांभीर्याने रचला की तीनशे वर्षांनंतरही तो संगीत म्हणून ऐकला जातो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

७.
आता पट्ट्यांची ओळ आपल्याकडे कशी आली ते पाहू. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबाँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. पायाने भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचे, असे ते वाद्य होते. पियानो अवजड, महाग आणि दमट हवेत बिघडणारा; हार्मोनियम त्या मानाने सोशिक. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ कंपनीचे नाव हातपेटीशी जोडले जाते. भाता मागे घेतला गेला, डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर आला, आणि वाद्य जमिनीवर मांडी घालून वाजवता येऊ लागले. मराठीने त्याला साधे नाव दिले : बाजाची पेटी, किंवा नुसतीच पेटी.

८.
पेटीच्या प्रसाराला दोन गोष्टींचा हातभार लागला. पहिली आगगाडी. कामशेतवरून जाणारा खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन मुंबई–पुणे सलग जोडले गेले. दुसरी संगीत रंगभूमी. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले आणि पुढच्या काही दशकांत नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडाबरोबर पायपेटी आणि ऑर्गनही गावोगाव पोहोचले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या कलावंताने पेटीला साथीपलीकडची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९११ च्या ‘मानापमान’च्या चालीही त्यांच्याच.

९.
वाद्य आले, पण शिकवणार कोण आणि कुठे? १८७४ मध्ये पुण्यात ‘पूना गायन समाज’ स्थापन झाला. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरांत संगीताची गोडी लागावी हा त्याचा हेतू होता, आणि संगीताचे वर्ग हे त्याचे एक साधन. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि शाळकरी मुलांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली. संगीत हा शाळेत शिकण्याचा विषय होऊ शकतो, ही कल्पना इथे पहिल्यांदा राज्याच्या खर्चाने प्रत्यक्षात आली.

१०.
या कल्पनेसाठी ज्यांनी सर्वस्व पणाला लावले ते पं. विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाली. पुस्तकी शिक्षण थांबले आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. गुरुगृहीचे कष्ट त्यांनी स्वतः भोगले होते. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते संस्थानिकाच्या देणगीवर विसंबून नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा आणि मुलींना प्रवेश, हे सारे त्या काळात धाडसाचे होते.

११.
पलुस्करांनी मुलांसाठी छोट्या पुस्तिकांची मालिकाच छापली. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’, ‘राग प्रवेश’ ही त्यांतली काही नावे. संस्थेचा छापखाना होता, वाद्यदुरुस्तीची कार्यशाळा होती. म्हणजे शिक्षक, पुस्तक आणि वाद्य या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली, पुढे तिची मोठी इमारत उभी राहिली. कर्ज मात्र फिटले नाही आणि ती इमारत लिलावात गेली. ज्या माणसाने हजारो मुलांसाठी संगीताचे दार उघडले, त्याला स्वतःच्या शाळेचे छप्पर राखता आले नाही. १९३१ मध्ये मिरजेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. प्रारंभिक ते अलंकार या त्याच्या परीक्षा आजही हजारो मुले देतात.

१२.
दुसरे नाव पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे. व्यवसायाने वकील, वृत्तीने संशोधक. देशभर हिंडून त्यांनी घराण्यांत जपलेल्या चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. ‘क्रमिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे : सोप्याकडून अवघडाकडे, एका वेळी एक पायरी. पुढे हंगेरीत बेला बार्टोक याने १९२६ ते १९३९ या काळात पियानो शिकणाऱ्यांसाठी ‘मिक्रोकोस्मोस’च्या १५३ रचना सहाच भागांत रचल्या, त्याही याच क्रमाने. दोघांची भेट नाही, परंपरा वेगळ्या, पण शिक्षकाची अडचण एकच होती.

१३.
भातखंड्यांनी मुलांसाठी दोन प्रकारांचा फार कल्पकतेने उपयोग केला. ‘सरगम गीत’ या प्रकारात शब्द नसतात. स्वरांची नावेच तालात गायची असतात. ‘लक्षणगीत’ या प्रकारात गाण्याचे शब्दच रागाची माहिती सांगतात : वादी कोणता, वर्ज्य काय, गायची वेळ कोणती. आणि ते गाणे त्याच रागात बांधलेले असते. मूल राग गाता गाता रागाचे व्याकरण पाठ करते, वेगळी घोकंपट्टी करावी लागत नाही. बाखच्या वहीतला मुद्दा इथे पुन्हा भेटतो. सराव आणि संगीत यांच्यात भिंत नसली, की मूल सरावाला कंटाळत नाही.

१४.
स्वरलिपीबाबत मात्र दोघा विष्णूंचे एकमत झाले नाही, आणि त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यांना पडला. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला की तो तार सप्तकातला, खाली दिला की मंद्र सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो आणि तार सप्तकासाठी उभी रेघ. कोमल स्वर भातखंडे खालच्या आडव्या रेघेने दाखवतात, पलुस्कर पाय मोडून. एका पद्धतीत शिकलेल्या मुलाने दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक उघडले, तर उंच सूर खोल वाचला जाण्याची शक्यता असे.

१५.
इथे पेटीचा उपयोग कळतो. लिपी कोणतीही असो, पट्टी जिथे आहे तिथेच असते. पांढरी एकला ‘सा’ मानला, तर बिलावल थाटात एकही काळी पट्टी लागत नाही. शुद्ध मध्यम सोडून शेजारची काळी तीन दाबली की कल्याण थाट झाला. बिलावलचे रिषभ आणि धैवत सोडून काळी एक आणि काळी चार घेतल्या की भैरव. काळी एक, दोन, चार, पाच घेतल्या की भैरवी. भातखंड्यांनी मांडलेल्या दहा थाटांची कल्पना आठ वर्षांच्या मुलाला तोंडी समजावणे कठीण; पेटीसमोर बसवले तर ते दहा मिनिटांत बोटांनी कळते. सूर डोळ्यांना दिसू लागला, ही या वाद्याची सर्वांत मोठी देणगी होती.

१६.
पण जे दिसते तेवढेच खरे, असे कानाला वाटू लागले तर? आक्षेप इथूनच सुरू झाला. दोन सुरांमधली मींड पेटीवर काढता येत नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. शिवाय सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेले सूर तंबोऱ्याच्या नैसर्गिक सुरांशी तंतोतंत जुळत नाहीत. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने श्रुतींची मोजमापे घेतली. न्यायाधीश क्लेमंट्स यांच्यासह त्यांनी बावीस श्रुतींची पेटीही बनवून घेतली. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणत्या गायकांचे तिने समाधान झाले नाही.

१७.
वाद पुढे सरकारी पातळीवर पोहोचला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने आपल्या स्टुडिओत हार्मोनियमला मनाई केली. रवींद्रनाथ ठाकूर आणि आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या विचारवंतांचा पेटीला विरोध होता. ही बंदी तीन दशके टिकली आणि १९७१ मध्ये सैल झाली. गंमत अशी की, या तीस वर्षांत घराघरांत, शाळांत, नाट्यगृहांत आणि भजनी मंडळांत पेटी वाजतच राहिली. आकाशवाणीच्या कलावंतांकडे सारंगी आणि तंबोरा होते; खेड्यातल्या शिक्षकाकडे पेटीखेरीज दुसरे साधन नव्हते. शुद्धतेचा प्रश्न खरा होता आणि गरजेचाही तितकाच खरा.

१८.
या पेचातून वाट दाखवणारे एक शिक्षक म्हणजे प्रा. बी. आर. देवधर. ते पलुस्करांचे शिष्य. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही रीतसर अभ्यास केला आणि १९२५ मध्ये मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले. १९३६ च्या सुमारास त्यांच्याकडे बेळगाव भागातला बारा वर्षांचा मुलगा आला. ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गायकांच्या हुबेहूब नकला करणारा हा मुलगा म्हणजे कुमार गंधर्व. त्याला सूर शिकवण्याची गरजच नव्हती. नकलेपलीकडे जाऊन स्वतः विचार करणे त्याला शिकायचे होते. देवधरांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गायक येत, गात, चर्चा होत. मुलाला एकच नमुना न देता अनेक नमुने ऐकवणे, हे देवधरांचे साधन होते. त्यासाठी ना पट्टी लागली, ना पुस्तक.

१९.
पियानोचे शिक्षणही या प्रदेशात वाढत राहिले. १९५२ मध्ये पणजीत आंतोनियो द फिगेरेदो यांच्या पुढाकाराने संगीत अकादमी सुरू झाली; पाश्चात्त्य संगीताच्या शिक्षणाचा तो वारसा पुढे कला अकादमीकडे आला. मुंबई-पुण्यातील मुले लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा देतात. त्या परीक्षांत वाजवण्याबरोबरच कानाचीही चाचणी असते. इश्कोलीतल्या मेस्त्रीचा ‘आधी गा, मग वाजव’ हा आग्रह तिथे वेगळ्या रूपात टिकून आहे.

२०.
मराठी भाषेने मात्र या वादाचा निकाल आपल्या परीने केव्हाच लावला. गायकाला ‘तुमचा सूर कोणता?’ असे विचारले की उत्तर येते : ‘काळी एक’, ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’. तंबोरा लावतानाही नाव पेटीच्याच पट्टीचे. ‘पट्टी’ म्हणजे वाद्यावरची पट्टी आणि ‘पट्टी’ म्हणजे आवाजाची उंचीही. भांडणारा माणूससुद्धा वरच्या पट्टीत बोलतो. ज्या वाद्याला आकाशवाणीने दाराबाहेर ठेवले, त्याच्या खुणांनी मराठी माणूस स्वतःचा गळा मोजतो.

२१.
इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगवते, कामशेतवरून वाहते आणि पुढे देहू-आळंदीला जाते. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली. मावळातल्या गावोगावच्या भजनात टाळ आणि पखवाज जुने, पेटी त्या मानाने नवी. तिथे मूल आधी टाळ धरते, मोठ्यांच्या मागे म्हणते, चाली पाठ होतात आणि मग कधीतरी पेटीवाल्याच्या शेजारी सरकून पट्ट्या चाचपू लागते. चाल कानात आधीच असते, बोट फक्त ती शोधते. चुकीची पट्टी दाबली की कोणी सांगण्याआधी मुलालाच कळते.

२२.
आज पट्टीखाली दिवा लागणारे कीबोर्ड मिळतात. दिवा लागेल तिथे बोट ठेवले की गाणे वाजते. गुइदोचा हात, पलुस्करांच्या पुस्तिका, भातखंड्यांची लक्षणगीते आणि हा दिवा ही सारी एकाच हेतूची साधने आहेत. फरक एका कसोटीवर कळतो : दिवा मालवला, पुस्तक मिटले, तर मुलाला पुढचा सूर ऐकू येतो का? येत असेल, तर साधनाने काम केले. भाज्याच्या भिंतीवरच्या त्या स्त्रीसमोर ना पट्टी होती, ना लिपी. तिला ज्याने शिकवले त्याचे नाव उरले नाही. पण तिच्या हातांकडे पाहून ती बाजूला नाचणारीच्या तालासाठी कान देऊन बसली आहे, असे आजही वाटते.